मराठी पानांवरील शीर्षक-टॅग: कामाच्या सुरुवातीचा एक अनुभव

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात माझ्याकडे एका शेतीविषयक मराठी संकेतस्थळाची जुनी पाने तपासण्याचे काम आले. त्यांपैकी कांदा चाळीवरचा लेख मला अजून आठवतो. चाळीसाठी जागा कशी निवडावी, हवा कशी खेळती ठेवावी, भरण्यापूर्वी कांदा कसा सुकवावा, हे सर्व त्यात क्रमाने आले होते. पान दिसायलाही नीटनेटके होते. पण कोड उघडून पाहिला, तर त्यात एकही शीर्षक-टॅग (अमुक मजकूर शीर्षक आहे हे सांगणारी कोडमधील खूण; मुख्य शीर्षकाला एच१, उपशीर्षकाला एच२, असे एच६ पर्यंत) नव्हता. मुख्य शीर्षक हे एक चित्र होते आणि उपशीर्षके म्हणजे केवळ ठळक केलेले परिच्छेद होते.

यामागे निष्काळजीपणा नव्हता, हे चौकशीअंती कळले. मुख्य शीर्षक छपाईच्या जुन्या, युनिकोड (सर्व संगणकांवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये जुळवलेले होते आणि तो मजकूर पानावर चिकटवला की निरर्थक रोमन अक्षरे उमटत, म्हणून त्याचे चित्र करून लावले होते. उपशीर्षकांना एच२ देऊन पाहिला होता. परंतु थीम, म्हणजे संकेतस्थळाचा तयार दृश्य आराखडा, इंग्रजी अक्षरांचा विचार करून रचलेली असल्यामुळे दोन ओळींच्या शीर्षकात वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर चढत आणि अक्षरांमधील वाढीव अंतरामुळे शिरोरेषा तुटत असे. दिसणे बिघडते म्हणून संपादकांनी टॅगच सोडून दिला होता. खरे तर दुरुस्ती स्टाइलशीटमध्ये, म्हणजे पानाचे दिसणे ठरवणाऱ्या फाइलमध्ये, करायची होती: ओळीची उंची वाढवायची आणि अक्षरांमधील अंतर शून्यावर आणायचे. नवोदितांनी हा भेद आरंभीच पक्का करावा, असे मला कळकळीने वाटते. एच१ ते एच६ हे टॅग मजकुराची रचना सांगतात. अक्षराचा आकार ठरवणे हे त्यांचे काम नाही. आकार आवडला म्हणून एच२ नंतर थेट एच४ घेणारी पाने मी पुढेही पुष्कळ पाहिली.

शोधयंत्र पानाचा कोणता भाग कशाविषयी आहे हे समजून घेताना शीर्षकांचा आधार घेते. शोधनिकालात दिसणारे पानाचे नावही गुगल काही वेळा मुख्य शीर्षकावरून घेते. ऑगस्ट २०२१ मध्ये त्या पद्धतीत केलेल्या बदलाविषयी गुगलने हे स्पष्ट केले होते. मात्र केवळ टॅग लावल्याने पान वर येते, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. एका पानावर एकापेक्षा अधिक एच१ असले तरी गुगलला अडचण येत नाही; तरीही मी एकच ठेवते, कारण त्यामुळे लेखाचा विषय आधी मलाच एका वाक्यात मांडावा लागतो.

त्या लेखाला आम्ही ‘कांदा चाळ कशी बांधावी?’ हा एच१ दिला. ‘साठवणूकपूर्व प्रक्रिया’ या उपशीर्षकाच्या जागी ‘चाळीत भरण्यापूर्वी कांदा किती सुकवावा?’ असे लिहिले, कारण शेतकरी हाच प्रश्न विचारतो. प्रत्येक उपशीर्षकात ‘कांदा चाळ’ हे शब्द कोंबण्याची सूचनाही आली होती. ती आम्ही मान्य केली नाही, कारण तशी शीर्षके वाचवत नाहीत.

या कामाचे मोल मला खऱ्या अर्थाने कळले ते एका दृष्टिहीन सहकाऱ्यामुळे. ते एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी संगणकप्रणाली, वापरत. त्यात एच ही कळ दाबली की पुढच्या शीर्षकावर जाता येते आणि १ ते ६ या कळांनी त्या त्या स्तराच्या शीर्षकावर. जुन्या पानावर त्यांनी एच दाबली, तेव्हा पुढे शीर्षक नसल्याचे उत्तर आले आणि हवा तो भाग गाठण्यासाठी त्यांना सगळा लेख ऐकावा लागला. दुरुस्त पानावर ते तीन-चार कळांत सुकवणीच्या भागापाशी पोहोचले.

तेव्हापासून मी लेख लिहिण्याआधी केवळ शीर्षके लिहून काढते आणि तेवढीच सलग वाचून विषय उलगडतो का, हे पाहते. जुने पान दुरुस्त केल्यावर गुगलच्या सर्च कन्सोल या संकेतस्थळ-चालकांसाठीच्या साधनातून त्याच्या फेरतपासणीची विनंती करावी, बदलाची तारीख टिपून ठेवावी आणि काही आठवडे त्या पानाला पुन्हा हात लावू नये. नाहीतर कोणत्या बदलाचा काय परिणाम झाला, हे सांगता येत नाही.