सगळे व्हीएम एकाच शेअर्ड स्टोरेजवर आहेत ना, मग एवढं करून ठेवाच

आपल्याकडे जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत आता बऱ्याच ठिकाणी हाच सेटअप दिसतो, दोन-तीन प्रॉक्समॉक्स होस्ट (व्हीएम म्हणजे सॉफ्टवेअरमधले आभासी कॉम्प्युटर चालवणारे सर्व्हर) आणि मागे एक झेडएफएसवाला (डिस्कचा कारभार बघणारी फाइल सिस्टिम) स्टोरेज बॉक्स, एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून फाइल शेअर करून जोडलेला. होस्ट बंद पडला तर व्हीएम दुसऱ्यावर चालू होतो, मालक खुश. पण गोष्टीतल्या राक्षसाचा जीव जसा पोपटात तसा सगळ्या व्हीएमचा जीव त्या एका बॉक्सात असतो, तो पोपट कसा सांभाळायचा ते सांगतो.

सगळ्यात आधी जागा. तुरीच्या सीजनला एका डाळ मिलमधून सकाळी फोन आला, वजनकाट्याची एन्ट्री होत नाही, गेटवर ट्रॅक्टर उभे. जाऊन पाहिलं तर प्रॉक्समॉक्सच्या स्क्रीनवर टॅलीच्या व्हीएमसमोर पिवळा त्रिकोण आणि आयओ-एरर, पूल, म्हणजे बॉक्समधल्या डिस्कची एकत्र जागा, पूर्ण भरलेला. बॉक्स ४ टीबीचा, व्हीएमना वाटलेल्या डिस्कची बेरीज ६ टीबी, थिन असल्यामुळे (वाटलेली जागा लिहिलं जाईल तशीच खर्च होते) कुणाला कळलंच नाही, आणि वर मीच अपडेटच्या आधी घेतलेला स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली अवस्था, जुना डेटा धरून जागा अडवते) तीन महिने तसाच पडून होता. चूक माझी होती. स्नॅपशॉट उडवला, जागा मोकळी झाली, व्हीएमला रिझ्यूम दिलं आणि काटा चालू झाला, पण ते दोन तास मी विसरणार नाही.

म्हणून ७५ टक्क्याला मेल येईल असा अलर्ट लावा आणि ८० च्या वर पूल जाऊ देऊ नका, तिथून पुढे झेडएफएस हळू पण व्हायला लागतं. स्नॅपशॉट घेतानाच नावात उडवायची तारीख टाका. एक रिकामा डेटासेट (पूलमधला वेगळा कप्पा) बनवून त्याला ५० जीबी रिझर्व्हेशन, म्हणजे राखीव जागा, देऊन ठेवा, पूल भरलाच तर ते रिझर्व्हेशन काढलं की श्वास घ्यायला जागा मिळते. आणि व्हीएमच्या आत फाइल डिलीट केली म्हणून बॉक्सवर जागा सुटत नाही, डिस्कच्या सेटिंगमध्ये डिस्कार्ड ऑन पाहिजे आणि लिनक्सच्या आत एफएसट्रिम (रिकामी झालेली जागा खाली कळवणारी कमांड) चालला पाहिजे.

एनएफएसऐवजी आयस्कझी (नेटवर्कवरून फाइलऐवजी अख्खी डिस्क देणारी पद्धत) वापरत असाल तर एक गोष्ट भाऊ नीट लक्षात ठेवा, एकच एलयूएन (अशी दिलेली एक डिस्क) दोन होस्टवर ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम) करून माउंट करायचा नाही. दोघांनाही वाटतं डिस्क आपली एकट्याची आहे, दोघं लिहितात आणि डेटाची माती होते. त्यावर साधं एलव्हीएम (डिस्कचे भाग पाडणारी लिनक्सची सोय) बनवा आणि शेअर्ड टिक करा, एलव्हीएम-थिन शेअर होत नाही.

नेटवर्क वेगळं ठेवा. स्टोरेजचा व्हीलॅन (स्विचवरच पाडलेलं वेगळं नेटवर्क) स्वतंत्र, त्याला गेटवे, म्हणजे बाहेर जायचा रस्ता, नको, एनएफएसचा एक्सपोर्ट फक्त होस्टच्या आयपींना, अख्ख्या सबनेटला नाही. अकाउंटंटच्या पीसीवरून स्टोरेजचं लॉगिन पेज उघडत असेल तर रॅन्समवेअरला पण तोच रस्ता आहे. एमटीयू (नेटवर्कवरच्या एका पॅकेटची कमाल साइज) ९००० करणार असाल तर स्विचसकट सगळीकडे करा आणि ८९७२ साइजचा पिंग फ्रॅगमेंट न होता जातो का बघा, अर्धवट केलं तर विचित्र हँग होतात आणि दिवसभर कारण सापडत नाही. दोनच होस्ट असतील तर कोरमसाठी, म्हणजे होस्टच्या बहुमतासाठी, तिसरं मत लागतं, छोट्या रास्पबेरी पायवर क्यूडिव्हाइस (फक्त मत देणारं सॉफ्टवेअर) टाकलं तरी चालतं.

आता लाइट. स्पीड वाढतो म्हणून काही जण झेडएफएसवर सिंक (डेटा डिस्कवर पक्का झाल्यावरच 'लिहिलं' म्हणायचं) डिसेबल करतात, आपल्या भागात तरी नका करू, लाइट गेली की शेवटचे काही सेकंद गायब, पूल चांगला राहतो पण व्हीएमच्या आतला डेटाबेस बिघडू शकतो. स्पीड पाहिजे तर पॉवर-लॉस प्रोटेक्शनवाली एसएसडी लॉगसाठी लावा. यूपीएस यूएसबीने जोडून एनयूटी (यूपीएसवर लक्ष ठेवून मशीन बंद करवणारं सॉफ्टवेअर) बसवा आणि क्रम पक्का करा: बंद होताना आधी व्हीएम, मग होस्ट, शेवटी स्टोरेज, चालू होताना स्टोरेज पहिलं. मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री असते, बॉक्स पत्र्याच्या शेडखाली असेल तर एसीवाल्या खोलीत हलवा, बॅटरी पण तिथेच, कारण २५ च्या वर दर आठ-दहा डिग्रीला यूपीएसच्या बॅटरीचं आयुष्य जवळपास अर्धं होतं. डिस्क ५० च्या वर गेली की मेल आला पाहिजे. महिन्यातून एकदा स्क्रब (पूलमधला सगळा डेटा वाचून तपासणं) होतंय ना तेही बघा, आणि एसएमआर डिस्क (ट्रॅक एकमेकांवर चढवलेल्या, लिहिताना हळू होणाऱ्या) घेऊच नका.

रेड (एक डिस्क गेली तरी डेटा टिकावा म्हणून अनेक डिस्क जोडणं) आणि स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नाही, दोन्ही त्याच बॉक्सात आहेत. प्रॉक्समॉक्सचा बॅकअप सर्व्हर वेगळ्या मशीनवर, पासवर्ड वेगळा, होस्टच्या टोकनला (त्याच्या लॉगिनच्या किल्लीला) फक्त डेटास्टोअर-बॅकअप रोल द्या म्हणजे होस्ट कुणाच्या हातात गेला तरी त्याला जुने बॅकअप उडवता येणार नाहीत, जुने काढायचं काम बॅकअप सर्व्हरच करेल. एक कॉपी मिलच्या बाहेर, मालकाच्या घरी ठेवलेली डिस्क पण चालेल.

आणि महिन्यातून एकदा एक व्हीएम नवीन आयडीवर रिस्टोअर करा, नेटवर्क कार्ड डिस्कनेक्ट करून चालू करा, टॅली उघडून कालचं शेवटचं व्हाउचर दिसतंय का स्वतः बघा, किती मिनिटं लागली ते रॅकच्या दारावर कागद चिकटवून त्यावर तारखेसकट लिहा.