कोरम भरला नाही की काय होतं: ग्रामसभा हातची जाऊ नये म्हणून

विधानसभेच्या मतदानाला रांगा लावणारं गाव ग्रामसभेला फिरकत नाही. चावडीसमोर वीस-पंचवीस जण, 'कोरम नाही, सभा तहकूब' अशी घोषणा, आणि मंडळी घरी. खरी गोम पुढे आहे. महाराष्ट्रात ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजेच कोरम, ही एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. तहकूब सभेला मात्र गणपूर्तीचं बंधन नाही. म्हणजे तीन हजार मतदारांच्या गावाचा वर्षभराचा आराखडा पुढच्या खेपेला पंधरा माणसांत मंजूर होतो, आणि तोही कायद्याला धरून. तहकूब सभेत नवे विषय घेता येत नाहीत, एवढीच काय ती अट.

म्हणून आधी आकडा काढा. 600 मतदार असतील तर 90 जण हवेत. 667 च्या पुढे गाव कितीही मोठं असो, 100 पुरे. मोजले जातात ते गावच्या विधानसभा मतदार यादीतलेच. ज्याने नाव मुंबईला नेलं, तो चाकरमानी सणाला आला तरी या हिशेबात नाही. 18 पूर्ण झालेल्या मुलामुलींचा नमुना 6, म्हणजे मतदार नोंदणीचा अर्ज, लगेच भरून घ्या. आता वर्षातून चार अर्हता तारखा, म्हणजे 18 वय मोजण्याच्या तारखा, असतात: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर.

100 हवेत तर 130 जणांना सांगा. वाडीनिहाय यादी करा आणि प्रत्येक वाडीची जबाबदारी दोघांवर टाका. व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा दाखवणारे येतीलच असं नाही, दारात जाऊन सांगितलेले बहुधा येतात. नियमित ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते. ती नीट भरली की तिथला पाण्याचा किंवा दारूबंदीचा ठराव मांडायला बायका ग्रामसभेलाही येतात. 15 ऑगस्टला झेंडावंदन आणि सभा लागून ठेवायचा आग्रह धरा. आलेली माणसं घरी गेली की परत येत नाहीत.

सभेची नोटीस सात दिवस आधी निघते, विशेष सभेची चार दिवस आधी. तुमचा विषय त्यात यायचा असेल तर पंधरा दिवस आधी लेखी अर्ज द्या. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घ्या. 'ऐनवेळी बघू' यावर विसंबू नका. ऐनवेळचा विषय अध्यक्षांच्या परवानगीवर असतो, आणि तोवर निम्मी सभा उठलेली असते.

ठराव मोघम असला की फाईलमध्येच झोपतो. 'रस्ता व्हावा' याला काही अर्थ नाही. 'मराठी शाळा ते पाण्याची टाकी, 240 मीटर, सिमेंट रस्ता, अमुक निधीतून, चालू वर्षात' असं लिहून घ्या, सूचक-अनुमोदकाच्या नावांसह. निधीचं नाव चुकलं तरी काम अडतं. 15व्या वित्त आयोगाने (2021-26) ग्रामपंचायतींच्या अनुदानातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित ठेवले होते. त्यातून रस्ता मागितला तर ठराव एकमताचा असूनही उपयोग नाही. आराखड्यात काय धरलंय आणि कशावर किती खर्च झाला, हे ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाच्या नावाने दिसतं. सभेला येताना ते पान छापून आणा.

हजेरीवही ही सगळ्यांत कच्ची जागा. सभेनंतर घरोघरी सह्या घेतल्या की कागदावर कोरम भरतो. सभा संपताना उपस्थितांची संख्या मोठ्याने वाचायला लावा, शेवटच्या सहीखाली आडवी रेघ ओढून घ्या आणि तोच आकडा इतिवृत्तात येईल असं पाहा. पानाचा फोटो काढून ठेवा.

इतिवृत्ताची प्रत मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा: 10 रुपये शुल्क, 30 दिवसांची मुदत. 'काम का झालं नाही' असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. 'अमुक तारखेच्या ग्रामसभेचं इतिवृत्त आणि हजेरीवहीची पानं, साक्षांकित प्रत' एवढंच मागा.

पुढच्या सभेला वेळेवर या. पहिलाच विषय मागील इतिवृत्त वाचून कायम करण्याचा असतो. ठराव बदललेला दिसला तर हरकत तिथेच नोंदवायची असते, आणि उशिरा येणाऱ्यांचा नेमका तोच विषय हुकतो.