दुखणं सोबतीला असताना मुलाला घरी शिकवताय? या चुका टाळा

पाठीचं जुनं दुखणं, संधिवात, फायब्रोमायल्जिया (अंगभर स्नायू दुखत राहणारा आजार) किंवा वरचेवर उठणारी अर्धशिशी असलेल्या आईने किंवा बाबाने पाच-सहा वर्षांच्या मुलाला घरी शिकवायला घेतलं, की पहिले पंधरा दिवस झकास जातात. मग एक वाईट आठवडा येतो आणि घडी विस्कटते ती परत बसत नाही. दोष मुलाला दिला जातो, नाहीतर दुखण्याला. खरं तर वेळापत्रक बरं वाटत होतं त्या दिवशी बसून आखलेलं असतं. पुढच्या बऱ्याचशा चुका या एकीतूनच निघतात.

चूक: बऱ्या दिवसाच्या मापाने आखणी करणं

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला जुनाट वेदना म्हणतात. यात एक चक्र हमखास दिसतं. बरं वाटलं की साचलेलं सगळं उरकायचं, मग दोन दिवस अंथरूण धरायचं, आणि उठल्यावर पुन्हा मागचं भरून काढायला धावायचं. शिकवताना हे चक्र जास्त जोरात फिरतं, कारण ‘मागे पडलं’ ही बोच त्यात असते.

उपाय असा, की थांबायचं ते घड्याळाकडे पाहून, वेदनेकडे पाहून नाही. आधी आठवडाभर काहीही न बदलता फक्त नोंद ठेवा: खुर्चीत बसल्यावर किती मिनिटांनी दुखणं चढायला लागतं? समजा पाच दिवसांचे आकडे २५, १५, २०, १० आणि २० आले. सरासरी १८. त्याचे ८० टक्के धरले तर साधारण १४ मिनिटं. ही तुमची तासिका. मोबाइलवर १४ मिनिटांचा गजर लावा आणि तो वाजला की उठा, अगदी ‘अजून दहा मिनिटं सहज जमेल’ असं वाटत असलं तरी. कसोटी त्या क्षणाची असते, बाकी अवघड काही नाही. दोन आठवडे हे न बिघडता चाललं तरच एक-दोन मिनिटं वाढवा.

चौदा मिनिटं फारच कमी वाटतात? या वयाचं मूल एका जागी मन लावून बसतं तेच दहा-पंधरा मिनिटं. अशा तीन तासिका, मध्ये निदान अर्ध्या तासाची मोकळीक, म्हणजे दिवसाला चाळीसेक मिनिटं होतात. पहिलीच्या मुलाच्या लेखन-वाचन-गणिताला तेवढी पुरतात. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीच्या शाळेसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास सांगितले आहेत, पण तो हिशोब एका शिक्षकामागे तीस मुलं धरून केलेला आहे. एका मुलासाठी तो घरात आणायला जाऊ नका.

चूक: सकाळी आठला ‘शाळा भरवणं’

सांधेदाहाच्या संधिवातात सकाळचा आखडलेपणा तासभर आणि कधी त्याहून जास्त टिकतो. रात्री प्रीगाबालिन किंवा अॅमिट्रिप्टिलिन (नसांच्या दुखण्यावरची औषधं) घेणाऱ्यांना सकाळी गुंगी असते. त्यात नाशिकची डिसेंबर-जानेवारीतली सकाळ. पारा एक आकडी होतो तेव्हा अनेकांना सांधे जास्त जखडल्यासारखे वाटतात. पहिली तासिका अकराला, दुसरी जेवणाआधी, तिसरी चारच्या चहानंतर ठेवली तरी काही बिघडत नाही. हिवाळ्यात अकराची तासिका गच्चीत किंवा गॅलरीत उन्हात घ्या. जूनमध्येच सुरुवात करायचंही बंधन नाही. थंडीने त्रास वाढत असेल तर डिसेंबर-जानेवारीत फक्त गोष्टी वाचून दाखवा आणि नवं शिकवणं फेब्रुवारीवर ढकला.

चूक: भारतीय बैठक आणि खालचा कप्पा

मूल जमिनीवर बसतं म्हणून मोठं माणूसही सतरंजीवर मांडी घालून बसतं आणि वहीवर ओणवं होतं. कंबर आणि मान, दोन्हीचं वाटोळं. मुलाला तुमच्या उंचीवर आणा: जेवणाच्या टेबलाशी खुर्ची, तिच्यावर घट्ट उशी, पायाखाली पाट. पाय लोंबकळत राहिले की मूल सारखं चुळबुळतं आणि आपल्याला वाटतं लक्ष नाही.

बसणं अशक्य असेल त्या दिवसासाठी आडवं पडून शिकवायची सोय आधीच करून ठेवा. दिवाणाशेजारच्या भिंतीवर, पडल्यापडल्या दिसेल अशा उंचीवर, दोन बाय दीड फुटांचा पांढरा फळा लावा. लिहायचं मुलाने, बघायचं तुम्ही. बोटं दुखत असतील तर बारीक पेन्सिल धरून कित्ते काढून देऊ नका, जाड मार्कर वापरा. जाड पुस्तक हातात धरण्याऐवजी उशीवर किंवा पोथीच्या व्यासपीठावर ठेवा. बहुतेक घरांत ते असतंच.

रोजचं सामान कंबरेच्या उंचीच्या एकाच कप्प्यात ठेवा. खालचा ड्रॉवर आणि माळा शिकवण्यासाठी वर्ज्य. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात. सगळं पुस्तक छापत बसू नका, आठवड्याला लागतील तेवढीच पानं छापा. उचलायचं वजनही तेवढंच राहतं.

चूक: घरकाम वेगळ्या खात्यात धरणं

शरीराला कणीक मळणं आणि अक्षर गिरवून घेणं यांचे हिशोब वेगळे ठेवता येत नाहीत. शिकवायला सुरुवात करताना घरातलं निदान एक काम सोडावंच लागतं. मनगट-खांदे दुखणाऱ्यांनी पोळ्या सोडाव्यात. पोळ्यांना मावशी लावा किंवा पोळीभाजी केंद्रातून आणा. नाशिकात सिडको असो की गंगापूर रोड, अशी केंद्रं जवळपास सापडतात. सासूबाई किंवा आई घरात असतील तर ‘थोडी मदत करा’ असं मोघम सांगून भागत नाही. ‘रोज चारला वीस मिनिटं गोष्ट सांगा’ असं नेमकं सांगितलं की ते काम होतं.

चूक: वाईट दिवसासाठी फक्त मोबाइल

वाईट दिवस येणारच, म्हणून त्याची पेटी आधी भरून ठेवा. त्यात मुलाला एकट्याने करता येतील अशा सहा-आठ गोष्टी हव्यात: ओवायला मोठे मणी आणि जाड दोरा, जुन्या वर्तमानपत्रातून ‘क’ शोधून गोल करायचा लाल खडू, बोथट टोकाची कात्री आणि रंगीत कागद, चिंचोके आणि अंड्याचा रिकामा ट्रे, कणकेचा गोळा (तो ऐनवेळी), चित्रांचं कोडं, तुमच्या आवाजात आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या चार गोष्टी. घरात तीन वर्षांच्या आतलं भावंड असेल तर मणी-चिंचोके काढून टाका, ते घशात अडकतात. ही पेटी एरवी उघडायची नाही. रोज हाताळली की तिची नवलाई संपते आणि नेमकी गरजेच्या दिवशी ती कुचकामी ठरते.

पडद्याला सरसकट नकार द्यायची गरज नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दोन ते पाच वर्षांसाठी दिवसाला एक तासाची आणि पाच ते दहा वर्षांसाठी दोन तासांच्या आतली मर्यादा सुचवली आहे. वाईट दिवशी एवढी मर्यादा पाळली तरी पुष्कळ झालं.

चूक: अ ते ज्ञ घोकून घेणं

हा विषय दुखण्याशी थेट जोडलेला आहे, कारण हाताशी मोजकी मिनिटं असताना ती कशावर घालवायची हा प्रश्न येतोच. सगळी मुळाक्षरं पाठ, मग सगळी बाराखडी पाठ, मग शब्द, या वाटेने मूल तीन महिने नुसतं गाणं म्हणत राहतं. त्याऐवजी सात अक्षरं घ्या: म, न, क, त, र, ब, ग. एवढ्यात कर, मन, गरम, मगर वाचता येतात. काना जोडला की काका, मामा, नाक, कान, बाग, तारा. दिवसाला एकच नवं अक्षर आणि त्याचे तीन-चार शब्द.

दिसायला सारखी अक्षरं (घ-ध, भ-म, थ-य) एकाच आठवड्यात शिकवू नका. पहिलं पक्कं झाल्यावर, दोनेक आठवड्यांनी दुसरं. जोडीने शिकवून गोंधळ केला तर तो निस्तरण्यात कितीतरी जास्त तासिका जातात.

गणितात अडतं ते वीसच्या पुढे. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतो, म्हणून मूल ५२ लिहितं. ‘एकोणतीस’मध्ये तर तीस ऐकू येतं आणि लिहायचे असतात २ आणि ९. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असं संख्यावाचन दिलं तेव्हा बराच गदारोळ झाला. वाद काही असो, सुरुवातीला ‘वीस पाच म्हणजे पंचवीस’ असं दोन्ही म्हणून घेतलं तर उलटसुलट लिहिणं कमी होतं. सोबत शंभर मण्यांची माळ करा: दहा लाल, दहा पांढरे, असे आलटून पालटून. माळ खिडकीच्या गजाला बांधली की तुम्ही पडून राहिलात तरी मूल उभं राहून मोजू शकतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षाचा घड घ्या, मणी सोडवून दहा-दहाचे ढीग लावायला सांगा. उरलेले सुटे म्हणजे एकक. अभ्यास झाला की तो खाताही येतो.

चूक: सहल म्हणजे पांडवलेणी

त्रिरश्मी डोंगरावरची २४ लेणी मुलाला दाखवायलाच हवीत, पण वर जायला दोनशेहून जास्त पायऱ्या आहेत, आणि गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जास्त महाग पडतं. मुलाला घरातल्या दुसऱ्या कुणासोबत वर पाठवा, तुम्ही पायथ्याशी बसा, आणि ‘वर काय पाहिलंस ते मला सांग’ म्हणा. मुलाचं सांगणं हाच भाषेचा तास. नांदूर मध्यमेश्वर हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे आणि हिवाळ्यात तिथले पक्षी बघण्यासारखे असतात. पण जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर गाडीत बसणं पाठीच्या दुखण्याला झेपेल का, ते आधी पाहा. जायचंच असेल तर दर अर्ध्या तासाने उतरून चार पावलं चाला, आणि दुसरा दिवस पूर्ण रिकामा ठेवा. बुधवारच्या गंगाघाटावरच्या बाजारातली गर्दी टाळा. भाजीची गाडी दारावर येते तेव्हा अर्धा किलो, पाव किलो आणि सुट्ट्या पैशांचा हिशोब तिथेच शिकवता येतो.

चूक: गोळ्या उशाशी

मूल दिवसभर घरात असणार, म्हणून गोळ्या कुलपात आणि उंचावर. अॅमिट्रिप्टिलिनच्या थोड्या गोळ्याही लहान मुलाच्या जिवावर बेततात. शिकवायचं आहे म्हणून तासिकेआधी जास्तीची वेदनाशामक गोळी घेणं ही आणखी एक सवय. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक रिकाम्या पोटी आणि वरचेवर घेतल्याने जठराला आणि मूत्रपिंडाला इजा होते. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते मोजायचं राहून जातं. गोळी वाढवल्याशिवाय तासिका होत नसेल तर तासिका लहान करा, आणि डोस डॉक्टरांशी बोलूनच बदला.

मुलाला १०८ आणि ११२ हे दोन क्रमांक, घराचा पत्ता आणि शेजारच्या काकूंचं दार, हे आधी शिकवा. अक्षरं त्यानंतर.

चूक: कागदपत्रांकडे काणाडोळा

शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयासाठी आहे. होमस्कूलिंगचा त्यात उल्लेख नाही: मान्यता नाही, मनाईही नाही. सहाच्या आतल्या मुलाबाबत तर प्रश्नच येत नाही. सहानंतर शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात शिक्षक दारात आले तर हुज्जत न घालता फाइल दाखवा. तिच्यात जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड आणि दर महिन्याची मुलाने लिहिलेली, तारीख घातलेली चार-पाच पानं ठेवा. आधीच्या शाळेतून काढलं असेल तर दाखला हातात घ्या. पुढे शाळेत घालावंसं वाटलं तर त्याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. मुक्त विद्यालयाच्या परीक्षांची चिंता आत्ताच नको.

अडलं तर

*मूल बसायलाच तयार नाही.* तासिका निम्मी करा आणि सोप्यापासून सुरू करा. आठवडाभरात फरक पडला नाही तर महिनाभर लेखन बंद ठेवा, फक्त वाचून दाखवा.

*तासिकेनंतर दुसऱ्या दिवशीही दुखणं चढलेलं राहतं.* मिनिटं जास्त झाली आहेत. पुन्हा पाच दिवस नोंद ठेवा आणि या वेळी सरासरीच्या ६० टक्क्यांपासून सुरुवात करा.

*पायात नवी कमजोरी, बैठकीच्या जागी बधिरपणा, लघवीवरचा ताबा सुटणं, किंवा दुखण्यासोबत ताप आणि घटतं वजन.* इथे मिनिटांचा हिशोब चालत नाही. बधिरपणा किंवा ताबा सुटणं असेल तर त्याच तासाला रुग्णालय गाठा, बाकीच्यांसाठी विनाविलंब डॉक्टर.

*मूल ‘माझ्यामुळे दुखतं का?’ असं विचारतं.* ‘नाही. माझ्या पाठीतल्या नसा उगाच जास्त ओरडतात, ते तुझ्यामुळे नाही,’ एवढं सरळ उत्तर पुरतं. पाय चेपून घेणं, पाणी-गोळ्या आणायला लावणं ही त्याची रोजची ड्युटी होऊ देऊ नका. ‘तू दंगा केलास म्हणून दुखायला लागलं’ हे वाक्य तर रागातही नको.

*तीन महिन्यांत निम्म्याहून जास्त दिवस पेटीवरच गेले.* मग चालत जाता येईल अशी दोन-तीन तासांची बालवाडी किंवा जवळची शाळा पाहा आणि घरी रोज एकच तासिका ठेवा. ही माघार नाही. काही दुखण्यांत ती जास्त शहाणी वाटणी ठरते.

*आजारपणात दोन आठवडे सगळं बंद पडलं.* राहिलेलं मोजू नका. पहिले तीन दिवस जुनेच शब्द आणि जुनीच माळ, तासिका दोनच, त्याही दहा मिनिटांच्या. चौथ्या दिवशी एक नवं अक्षर.