पाच बँड, एक स्टेज: मधली पंधरा मिनिटं कशी सांभाळायची

स्थानिक बँडची रात्र गाण्यांमुळे सहसा फसत नाही, फसते ती दोन बँडच्या मधल्या वेळात. एक बँड आवरतोय, दुसरा केबल शोधतोय, निवेदकाकडचं बोलणं संपलंय आणि पुढच्या रांगेत मोबाइल निघालेत. म्हणून आखणी गाण्यांपासून नाही, या फटीपासून सुरू करायची.

वेळेचा खरा हिशेब

चार तास, पाच बँड, म्हणजे प्रत्येकाला ४८ मिनिटं, हे गणित कागदावरच ठीक दिसतं. पहिल्या चार बँडना ३५ मिनिटं द्या, शेवटच्याला ५०. मध्ये चार वेळा १५ मिनिटं अदलाबदलीला जातात. शिवाय दोन ठिकाणी दहा-दहा मिनिटं राखीव ठेवा. सगळं मिळून साडेचार तास होतात: सहाला सुरू, साडेदहाला शेवट. राखीव वेळ कुठे आहे हे बँडना सांगू नका. सांगितलं की त्यात एक गाणं वाढतं.

बँडनंही स्वतःचा हिशेब करावा. चार मिनिटांची सात गाणी म्हणजे २८ मिनिटं. दर दोन गाण्यांमध्ये बोलणं आणि ट्यूनिंग मिनिटभर धरलं की ३४. एक तार तुटली तर सगळंच कोलमडलं. सहा गाणी घ्या, सातवं खिशात ठेवा. सरावातही घड्याळ लावून सलग वाजवून बघा, कारण तुकड्यातुकड्यांनी सराव करणाऱ्यांना आपण किती वेळ घेतो याचा अंदाज हमखास चुकतो.

क्रम ठरवताना लोकप्रियतेइतकंच सामान बघायचं. डावखुरा ड्रमर असेल तर अख्खा संच उलटा लावावा लागतो, दहा मिनिटं त्यातच जातात. त्या बँडला पहिला ठेवा. तसं केलं की उलटापालट दोनदाऐवजी एकदाच होते.

दोन कागद आधी मागवा

प्रत्येक बँडकडून किमान आठवडाभर आधी दोन कागद हवेत: कोण कुठे उभं राहणार याचा नकाशा आणि कोणत्या वाद्याला माइक, कोणत्याला डीआय बॉक्स (वाद्याची केबल थेट मिक्सरला जोडू देणारी छोटी पेटी) याची यादी. नकाशावर 'डावीकडे' लिहून भागत नाही, कारण वाजवणाऱ्याची डावी बाजू ही प्रेक्षकांची उजवी. कागदाच्या तळाला 'प्रेक्षक इकडे' असं लिहून बाण काढा, गोंधळ मिटतो.

या याद्यांवरून साउंडवाल्यानं सगळ्यांसाठी एकच चॅनेल-वाटप करायचं. दर बँडला नव्यानं जोडणी म्हणजे चुकांना आमंत्रण. २४ चॅनेलच्या मिक्सरवर असं बसतं: १ ते ७ ड्रम्स (किक, स्नेअर, हाय-हॅट, दोन टॉम, दोन ओव्हरहेड), ८ इतर तालवाद्य, ९ बेस, १० आणि ११ इलेक्ट्रिक गिटार, १२-१३ की-बोर्ड, १४ अकूस्टिक गिटार, १५ ते १८ गायन, १९-२० लॅपटॉप, २१-२२ रिकामे, २३ निवेदक, २४ मधल्या वेळचं संगीत. एखाद्या बँडमध्ये की-बोर्ड नसेल तर १२-१३ नुसते बंद राहतात. बाकी काही सरकत नाही.

रिकामे दोन चॅनेल चैन वाटतात, पण 'आज एक मित्र बासरी वाजवणार आहे' हे वाक्य दर कार्यक्रमात एकदा तरी ऐकू येतंच.

सामायिक सामान

ड्रम संच एकच, सगळ्यांसाठी. ड्रमरनं स्वतःचं आणायचं ते स्नेअर, सिंबल्स, किकचा पेडल आणि काड्या. खाली जाड गालिचा हवाच, नाहीतर किक ड्रम गाणंभर पुढे सरकत राहतो. बेसचा अँप एक आणि गिटारचे दोन सामायिक ठेवा. गिटारवाल्यांना आपापला अँप प्रिय असतो, पण प्रत्येकाचा अँप आणणं-नेणं म्हणजे दर वेळी पाचेक मिनिटं गेली. आवाजाची खरी ओळख त्यांच्या पेडलबोर्डवर असते. तो घरून जोडून, एकाच पॉवर केबलवर चालेल असा आणायला सांगा.

अँप किंचित मागे कलवून ठेवा. जमिनीवर सरळ ठेवलेला अँप वाजवणाऱ्याच्या पोटऱ्यांना ऐकू येतो, कानाला नाही. मग तो आवाज वाढवतो आणि गायकाच्या माइकमध्ये गिटारच जास्त शिरते.

साउंडचेक उलट्या क्रमानं

शेवटचा बँड सगळ्यात आधी, पहिला बँड सगळ्यात शेवटी. म्हणजे दुपारचं काम संपतं तेव्हा पहिल्या बँडची मांडणी स्टेजवर तयारच असते. शेवटच्या बँडला ४५ मिनिटं, बाकीच्या चौघांना २५-२५. एकूण २ तास २५ मिनिटं. सहाला कार्यक्रम असेल तर तीनच्या ठोक्याला पहिला ड्रम वाजला पाहिजे, म्हणजे स्पीकर आणि वायरिंग त्याआधी पूर्ण.

प्रत्येक चेकनंतर दोन गोष्टी करायच्या. माइक स्टँड, पेडलबोर्ड आणि अँपच्या जागी त्या बँडच्या रंगाची चिकटपट्टी मारायची आणि डिजिटल मिक्सरवर त्यांचा सीन, म्हणजे सगळ्या चॅनेलची सेटिंग्ज, साठवायचा. सीन सगळे चॅनेल म्यूट करूनच साठवा. नाहीतर तो लावल्याक्षणी उघडे माइक शिट्टी मारतात.

गायनाचे माइक सगळ्या बँडना एकाच जातीचे द्या. साधा कार्डिऑइड माइक पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो, त्यामुळे मॉनिटर (वाजवणाऱ्यांना स्वतःचा आवाज ऐकवणारा स्टेजवरचा स्पीकर) थेट त्याच्या मागे ठेवायचा. सुपरकार्डिऑइडची बहिरी जागा पाठीमागे नसून मागच्या दोन बाजूंना असते, तिथे मॉनिटर तिरके लागतात. जात मिसळली की दर बँडला मॉनिटर हलवत बसा. आणि गायकाला सांगा, माइकची जाळी मुठीत धरायची नाही. मूठ आवळली की माइकचा दिशेचा गुण जातो आणि फीडबॅकची शिट्टी सुरू होते.

ती पंधरा मिनिटं

शेवटचा सूर विरला की आधी साउंडवाला सगळं म्यूट करतो आणि स्टेज मॅनेजर टॉर्चनं खूण देतो. खूण दिसेपर्यंत कुणीही केबल उपटायची नाही. गिटारची जिवंत केबल ओढली की मोठ्या स्पीकरमधून 'फट्ट' येतं. कंडेन्सर माइक आणि अॅक्टिव्ह डीआयला मिक्सरमधून ४८ व्होल्ट जातात, त्यामुळे तेही म्यूट केल्याशिवाय काढू-घालू नका.

पहिली चार मिनिटं उतरण्याची. पेडलबोर्ड उचलायचा आणि खाली यायचं. केबल गुंडाळणं, बॅगेत भरणं, मित्रांना भेटणं हे सगळं स्टेजच्या मागे. ड्रमरनंही सिंबल्स स्टँडवरच सोडून, स्टँडसकट खाली न्याव्यात. पुढच्या ड्रमरच्या सिंबल्स जादा स्टँडवर आधीच चढवून तयार असाव्यात.

चार ते नऊ: नवा बँड पट्ट्यांवर उभा राहतो, माइक जागेवर येतात.

नऊ ते तेरा: लाइन चेक. इथे गाणं वाजवायचं नसतं. चॅनेलच्या क्रमानं एकेक आवाज: किक चार ठोके, थांबा, स्नेअर चार ठोके, थांबा. साउंडवाला हेडफोनवर ऐकतो, मैदानात मधलं संगीत चालूच राहतं. सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे याच वेळी आपली सुरावट घोळवणारा गिटारिस्ट. बारावा चॅनेल येतोय की नाही हे त्याच्यामुळे कळत नाही.

उरलेली दोन मिनिटं मॉनिटरसाठी. आधी गायकाला स्वतःचा आवाज, मग बाकीच्यांच्या मागण्या.

बिघाड आणि त्याचं कारण

घूं असा एकसुरी आवाज येतोय? लॅपटॉप किंवा की-बोर्डची केबल काढून बघा. थांबला तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन उपकरणं अर्थिंगला दोन वाटांनी जोडली गेलीत. डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. प्लगची अर्थिंगची पिन काढून घूं थांबवण्याचा 'उपाय' कुणी सुचवला तर त्याला वायरपासून दूर ठेवा. बिघाड झाला तर वीज गिटारच्या तारांमधून माइकला लागलेल्या ओठांपर्यंत पोहोचू शकते. दिवे आणि साउंड यांचा वीजपुरवठा वेगळा घ्या, आणि पॉवर केबल ऑडिओ केबलला ओलांडत असेल तर काटकोनात ओलांडू द्या, समांतर नको.

मिक्सर दुरून चालवायचा, दुपारी झकास चाललेला टॅबलेट रात्री त्याच्याशी तुटतो. यात जादू नाही: गर्दीतल्या माणसांची शरीरं २.४ गिगाहर्ट्झची लहर शोषतात आणि शेकडो मोबाइल त्याच पट्ट्यात बोलतात. ५ गिगाहर्ट्झ वापरा, राउटर उंचावर ठेवा आणि एक नेटवर्क केबल हाताशी असू द्या. वायरलेस गिटारचंही तेच. जो बँड वाजवत नाही त्याचे ट्रान्समीटर बंद हवेत.

गार हवेत तार आखडते आणि सूर चढतो, तापलेल्या दिव्यांखाली उतरतो. म्हणून स्टेजमागच्या गारव्यात लावलेली गिटार वर आल्यावर पुन्हा तपासावी. दव पडत असेल तर थांबलेलं सामान झाकून ठेवा.

आवाजाची पातळी मीटरवर बघा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली कार्यक्रमांसाठी सुचवलेली कमाल मर्यादा १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबल (ए) आहे. पाच बँड सलग ऐकणाऱ्या स्टेजवरच्या माणसांनी इअरप्लग लावावेतच.

शेवटी बंद करताना आधी पॉवर अँप्लिफायर, मग मिक्सर. चालू करताना याच्या बरोबर उलट. सामान मोजताना सिंबल स्टँडचे छोटे नट, की-बोर्डचा अडॅप्टर आणि डीआयला लावलेली छोटी केबल यांची वेगळी यादी करा. दिवे मालवल्यावर स्टेजवर सापडतं ते बहुधा यातलंच काहीतरी.