एबीएसचा दिवा विझत नाही? आधी चाकाकडे बघा

एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचा तिचा पिवळा दिवा लागतो आणि काही सेकंदांत विझतो. तेवढ्यात यंत्रणा स्वतःची तपासणी उरकते. दिवा तसाच राहिला किंवा चालत्या गाडीत लागला, तर तिला दोष सापडला आहे आणि तिने एबीएस बंद केलं आहे. साधे ब्रेक तरीही लागतात, पण जोरात दाबल्यावर चाकं जाम होऊ शकतात.

पिवळ्यासोबत लाल ब्रेक दिवाही लागला असेल आणि हँडब्रेक पूर्ण खाली असेल, तर गाडी चालवू नका. ब्रेक ऑइल गळत असेल किंवा पुढच्या-मागच्या चाकांवर ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणाही थांबली असेल. अशी गाडी टो करूनच न्यावी.

एकटा पिवळा दिवा असेल तर घरी बरंच तपासता येतं. बहुतेक वेळा दोष चाकाचा वेग मोजणाऱ्या, चाकाजवळच्या सेन्सरमध्ये, त्याच्या वायरमध्ये किंवा तो ज्यावरून वेग मोजतो त्या, चाकासोबत फिरणाऱ्या दातेरी रिंगमध्ये निघतो. महागडं एबीएस मॉड्यूल (यंत्रणा चालवणारा कंट्रोल बॉक्स) हा शेवटचा संशयित, पण घाईत तेच आधी बदललं जातं.

हत्यारं हातात घेण्याआधी

ब्रेक ऑइल टाकीवरच्या दोन खुणांच्या मध्ये आहे का बघा. कमी असेल तर नुसतं भरून मोकळे होऊ नका. ब्रेक पॅड झिजले असतील किंवा कुठेतरी गळती असेल. बॅटरी मोजा: इंजिन बंद असताना १२.४ ते १२.६ व्होल्ट, चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. अशक्त बॅटरीमुळे गाडी सुरू होताना व्होल्टेज कोसळतो आणि दिवा विनाकारण लागतो. एबीएसचे फ्यूज एकापेक्षा जास्त असतात (पंपाचा मोठा, मॉड्यूलचा लहान), म्हणून एक चांगला दिसला तरी बाकीचेही तपासा. चारही टायर एकाच मापाचे आहेत ना, हवा सारखी आहे ना, तेही पाहून घ्या. एका चाकाला लहान स्टेपनी लावली असेल, तर ते चाक जास्त वेगाने फिरतं आणि यंत्रणा त्यालाच दोष समजते.

कोड वाचा, पण तेवढ्यावर पार्ट मागवू नका

दोष सापडला की गाडी त्याचा कोड साठवून ठेवते, आणि तो स्कॅनरने वाचता येतो. साधे स्वस्त स्कॅनर फक्त इंजिनचे, म्हणजे ‘पी’ने सुरू होणारे कोड वाचतात. एबीएसचे कोड ‘सी’ने सुरू होतात, त्यामुळे एबीएस वाचणारा स्कॅनरच हवा. तो स्टिअरिंगखालच्या १६ पिनच्या सॉकेटला जोडा आणि कोड पुसण्याआधी लिहून ठेवा. उदाहरणार्थ, सी ००३५ म्हणजे पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचं सर्किट. इथे ‘सर्किट’ हा शब्द महत्त्वाचा. सेन्सर, कनेक्टर, वायर, रिंग यांपैकी काहीही बिघडलं तरी हाच कोड येऊ शकतो.

स्कॅनरवर चारही चाकांचा वेग एकत्र दिसत असेल तर काम सोपं होतं. मोकळ्या सरळ रस्त्यावर २० ते ३० किमी वेगाने जा आणि आकडे शेजारी बसणाऱ्याला वाचायला सांगा. तीन चाकं २५ दाखवतात आणि चौथं शून्यावर आहे किंवा मधेच घसरतंय, तर तेच चाक उघडायचं.

चाक उघडल्यावर

सपाट जागा, हँडब्रेक, विरुद्ध बाजूच्या चाकांना अडण. गाडी जॅकवर उचलून स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका. चाक काढण्याआधी ते वर-खाली धरून हलवा. खडखडलं तर बेअरिंगची शंका घ्या, कारण सैल बेअरिंगमुळे सेन्सर आणि रिंगमधलं अंतर बदलतं.

मग सेन्सरची वायर कनेक्टरपर्यंत हाताने चाचपत जा. स्टिअरिंग वळताना आणि सस्पेन्शन दबताना ती जिथे वाकते, तिथेच बहुधा तुटते. वरचं आवरण शाबूत दिसतं, आतली तार गेलेली असते. कनेक्टरमध्ये हिरवट थर किंवा पाणी दिसलं तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा.

आता मल्टीमीटर. जुन्या पद्धतीच्या पॅसिव्ह (स्वतःच व्होल्टेज तयार करणाऱ्या) सेन्सरचा रोध साधारण ८०० ते २,५०० ओहम असतो. नेमका आकडा गाडीनुसार बदलतो, म्हणून त्याच अ‍ॅक्सलवरच्या दुसऱ्या चाकाशी ताडून पाहणं उत्तम. मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक हाताने फिरवलं की आकडा हलला पाहिजे. अ‍ॅक्टिव्ह (गाडीकडून व्होल्टेज घेणारा) सेन्सर मात्र ओहमवर मोजू नका. आकड्याला अर्थ नसतो आणि सेन्सर खराब होऊ शकतो. त्याचा कनेक्टर काढून किल्ली चालू करा आणि गाडीच्या बाजूच्या पिनांवर व्होल्टेज येतो का बघा. येत नसेल तर सेन्सर बदलून काही होणार नाही. वायर किंवा मॉड्यूल शोधावं लागेल.

रिंगचे सगळे दाते फिरवून बघा. खालून गंज फुगला की रिंग तडकते. अशा गाडीत थांबता थांबता, वेग अगदी कमी असताना, कोरड्या रस्त्यावरही पेडल थरथरतं. काही गाड्यांत दात्यांऐवजी बेअरिंगच्या सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते. बेअरिंग बदलल्यानंतर लगेच दिवा लागला असेल, तर ते उलट बसवलंय का हे सर्वांत आधी तपासा.

सेन्सर गंजाने अडकला असेल तर हातोडा मारू नका, तो आत तुटतो. गंज सोडवणारा स्प्रे मारून थोडा वेळ थांबा आणि डावी-उजवीकडे हलवत काढा. नवा बसवण्याआधी त्याची जागा घासून साफ करा. गंजाचा थर राहिला तर सेन्सर वर उचललेला राहतो.

कोड पुसल्यावरही उभ्या गाडीत दिवा चालू राहिला तर लगेच निराश होऊ नका. बऱ्याच गाड्यांत चाकांचा सिग्नल पटेपर्यंत, म्हणजे साधारण २० किमी वेग गाठेपर्यंत तो विझत नाही. कोड पंपाचा किंवा व्हॉल्व्हचा असेल, तर मात्र घरी उघडू नका. तिथल्या ब्रेक ऑइलमधली हवा काढायलाही अनेकदा स्कॅनर लागतो.