गेमिंग आणि एडिटिंगसाठी एकच पीसी: कोटेशन घेण्याआधी काय ठरवायचं

"गेमिंग आणि एडिटिंग दोन्ही करायचंय" एवढंच सांगितलं, तर हातात पडणारं कोटेशन बहुतेक वेळा निव्वळ गेमिंगचं असतं. बजेटचा मोठा वाटा ग्राफिक्स कार्डात, मग उरलेल्या पैशांत बसेल तो प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५०० जीबी एसएसडी आणि कुठलातरी एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). असा पीसी गेम झकास चालवतो. पण लग्नाचं ४के फुटेज टाइमलाइनवर टाकलं की प्ले दाबल्यावर चित्र अडखळतं, आणि कार्ड तर १५ टक्केही वापरात नसतं. गेम रंगवणं आणि आवळलेलं व्हिडिओ फुटेज उलगडणं (डिकोड करणं) ही चिपच्या वेगवेगळ्या भागांची कामं आहेत. त्यामुळे निवडीची सुरुवात कार्डापासून नाही, तुमच्या कॅमेऱ्याच्या फाइलपासून करायची.

आधी फाइल उघडून बघा

मीडियाइन्फो हा फुकट प्रोग्रॅम उतरवून घ्या आणि नेहमीच्या शूटमधली एक क्लिप त्यात टाका. व्हिडिओच्या रकान्यात चार गोष्टी कागदावर टिपा: फॉरमॅट, म्हणजे एव्हीसी की एचईव्हीसी; क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाची किती माहिती साठवली आहे), म्हणजे ४:२:० की ४:२:२; बिट डेप्थ ८ की १०; आणि बिट रेट. एव्हीसी म्हणजेच एच.२६४ आणि एचईव्हीसी म्हणजे एच.२६५.

मोबाइल, गोप्रो, ड्रोन किंवा सोनी ए७ थ्रीसारख्या कॅमेऱ्याचं फुटेज बहुधा ४:२:० निघेल. ते आजचा कुठलाही बरा प्रोसेसर किंवा कार्ड हार्डवेअरमध्ये उलगडतं, फार डोकं लावायची गरज नाही. खरी अडचण ४:२:२ १० बिटची. सोनी ए७ फोर, कॅनन आर६ मार्क टू असे कॅमेरे रंग सुधारायला वाव राहावा म्हणून हे फॉरमॅट देतात, आणि एनव्हिडियाच्या आरटीएक्स २०, ३० आणि ४० मालिकेच्या कार्डांमध्ये ४:२:२ उलगडायची सोयच नाही. कार्ड कितीही महागाचं असो, हे काम प्रोसेसरच्या कोअरवर येऊन पडतं.

यातून दोन सरळ वाटा आहेत.

पहिली, इंटेलचा असा प्रोसेसर ज्यात अंतर्गत ग्राफिक्स आहे. त्यातलं क्विक सिंक एच.२६५ चं ४:२:२ १० बिट हार्डवेअरमध्ये उलगडतं. इथेच एक अक्षर घात करतं. १४६००के आणि १४६००केएफ यांच्या किमतीत थोडाच फरक असतो, पण "एफ" असलेल्या चिपमध्ये अंतर्गत ग्राफिक्स बंद, म्हणजे क्विक सिंकही नाही. निव्वळ गेमरसाठी तो शहाणपणाचा सौदा, एडिटरसाठी नाही. शिवाय एच.२६४ मधलं ४:२:२ १० बिट १२ ते १४ व्या पिढीचं क्विक सिंकही उलगडत नाही. काही सोनी आणि पॅनासॉनिक फाइल्स नेमक्या तशा असतात.

दुसरी वाट म्हणजे आरटीएक्स ५० मालिकेचं कार्ड. या मालिकेत एनव्हिडियाने एच.२६४ आणि एच.२६५ दोन्हींचं ४:२:२ आणलं. असं कार्ड घेणार असाल तर प्रोसेसर एएमडीचा रायझन असला तरी बिघडत नाही, फक्त एडिटिंग सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर ताजे हवेत. जुना प्रीमियर (अडोबीचं एडिटिंग सॉफ्टवेअर) हे कार्ड ओळखेल, पण ४:२:२ साठी वापरणार नाही. डाविंची रिझॉल्व्ह वापरणाऱ्यांनी स्टुडिओ आवृत्तीची किंमत बजेटमध्ये आधीच धरावी. फुकट आवृत्तीत ४:२:२ १० बिटच्या हार्डवेअर उलगडण्यावर भरवसा ठेवू नये.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड

मध्यम बजेटमध्ये आमची पसंती दोघांना: रायझन ७ ९७००एक्स किंवा इंटेलचा कोअर अल्ट्रा ७ २६५के. पहिल्यात ८ कोअर, वीज कमी, सॉकेट (चिप बसवायची खोबण) एएम५. दुसऱ्यात २० कोअर आणि क्विक सिंक. एक्सपोर्ट आणि मल्टिकॅमला दुसरा सरस. गेममध्ये दोघांतला फरक १४४०पी वर कार्डाच्या आडच लपतो. रायझनच्या "एक्स३डी" चिपा, उदाहरणार्थ ७८००एक्स३डी किंवा ९८००एक्स३डी, गेमसाठी अप्रतिम आहेत. पण त्यांचा जादा कॅश एडिटिंगला फारसा उपयोगी पडत नाही. आठवड्याचे सहा दिवस प्रीमियर आणि रविवारी गेम असं गणित असेल, तर ते जादा पैसे रॅममध्ये घाला.

इंटेलच्या १३ आणि १४ व्या पिढीचे के मालिकेचे प्रोसेसर आजही स्वस्तात मिळतात. घ्यायला हरकत नाही, पण २०२४ मध्ये या चिपांमधला जास्त व्होल्टेजचा दोष बाहेर आला होता. चिप हळूहळू खराब होऊन गेम आणि एक्सपोर्ट मधेच बंद पडायचे. इंटेलने बायोसमधून (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) येणाऱ्या मायक्रोकोड अपडेटने तो दुरुस्त केला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. म्हणून नवा बोर्ड आला की विंडोज टाकण्याआधी बायोस ताजं करायचं. वापरलेली चिप मात्र टाळाच, आधीच्या मालकाने जुन्या बायोसवर किती दिवस काढले ते कळायला मार्ग नाही.

बोर्ड निवडताना आरजीबी दिव्यांकडे बघू नका. रायझनसाठी बी८५० किंवा बी६५० पुरतं. चार गोष्टी तपासा: प्रोसेसरभोवतीच्या व्हीआरएमवर (त्याला वीज पुरवणाऱ्या भागावर) धातूचा हीटसिंक आहे का, एम.२ चे (एसएसडी लावायचे) किमान दोन स्लॉट आहेत का, मागे यूएसबी पोर्ट पुरेसे आहेत का, आणि बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे का. दुकानात पडून राहिलेल्या जुन्या बी६५० बोर्डावर रायझन ९००० लावला तर स्क्रीन काळाच राहू शकतो. फ्लॅशबॅक असेल तर पेनड्राइव्हवरून, प्रोसेसर न लावताही, बायोस बदलता येतं. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये आणखी एक ओळ शोधायची: दुसऱ्या किंवा तिसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी लावल्यावर काय बंद होतं. काही बोर्डांवर साटाचे (हार्ड डिस्कचे) दोन पोर्ट जातात, काहींवर कार्डाच्या १६ लेनच्या (डेटाच्या वाटांच्या) ८ होतात.

कार्ड: व्हीरॅमचा (कार्डावरच्या मेमरीचा) हिशेब

१४४०पी गेमिंग आणि ४के एडिटिंग धरलं तर ८ जीबीचं कार्ड २०२६ मध्ये घेऊ नये, एवढं ठामपणे सांगता येतं. रिझॉल्व्हमध्ये ४के टाइमलाइनवर टेम्पोरल नॉइज रिडक्शन लावून वर फ्यूजनचं (रिझॉल्व्हमधल्या इफेक्ट्सच्या पानाचं) टायटल टाकलं की जीपीयूची मेमरी भरल्याची सूचना येते आणि रेंडर थांबतो. वेग कमी पडला तर काम उशिरा होतं. व्हीरॅम संपली तर होतच नाही.

आरटीएक्स ५०६० टीआय एकाच नावाने ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत मिळतं, कोटेशनमध्ये आकडा लिहून घ्या. गेममध्ये १२ जीबीचं ५०७० त्याच्या बरंच पुढे आहे. गेम आणि प्रीमियर असेल तर ५०७०. रिझॉल्व्हमध्ये जड ग्रेडिंग असेल तर १६ जीबीचं ५०६० टीआय. दोन्ही हवं असेल तर १६ जीबीचं ५०७० टीआय, त्यात एन्कोडरही दोन आहेत. एएमडीचं १६ जीबीचं आरएक्स ९०७० एक्सटी गेमसाठी पैसे वसूल करणारं कार्ड आहे. पण ब्लेंडर (थ्रीडी सॉफ्टवेअर) किंवा कूडावर (एनव्हिडियाची गणनेची प्रणाली) चालणारे प्लगइन रोजच्या कामात असतील तर एनव्हिडियावरच राहा.

रॅम आणि साठवण

३२ जीबी ही सुरुवात, आफ्टर इफेक्ट्स असेल तर ६४. दोनच पट्ट्या घ्यायच्या, चार नाहीत. एएम५ वर चार पट्ट्या लावल्या की एएमडीचा अधिकृत वेग ३६०० वर उतरतो, आणि ६००० वर चालवायचा हट्ट केला तर पीसी मधेच गोठू शकतो. "आता दोन घेतो, पुढच्या वर्षी आणखी दोन" हा बेत डीडीआर५ वर अंगाशी येतो. रायझनसाठी ६००० वेग आणि सीएल३० (प्रतिसादाचा विलंब, आकडा कमी तितका बरा) ही जोडी मागा. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, तेव्हापासून कोटेशनमध्ये गुपचूप सीएल४० बसवायचा मोह वाढलाय.

एसएसडीच्या बाबतीत लोक उगाच जेन५ च्या (नव्या, वेगवान पिढीच्या) मागे लागतात. हिशेब करून बघा: २०० एमबीपीएसची क्लिप म्हणजे सेकंदाला २५ एमबी. तीन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम झालं ७५ एमबी. साधी जेन४ एसएसडी याच्या कितीतरी पट वेगाने वाचते. कमी पडतो तो सलग लिहायचा वेग. स्वस्त क्यूएलसी (दाट साठवणीच्या, हळू लिहिणाऱ्या) एसएसडीचा कॅश भरला की ३०० जीबीचं मेमरी कार्ड कॉपी करताना ती हार्ड डिस्कच्या पातळीवर येते. म्हणून टीएलसी मेमरी आणि स्वतःचा डीरॅम कॅश असलेली मागा. १ टीबी विंडोज, सॉफ्टवेअर आणि गेमसाठी, वेगळी २ टीबी चालू प्रोजेक्टसाठी. जागेचा अंदाज असा: १०० एमबीपीएसचं फुटेज ताशी ४५ जीबी खातं, ४के २५पी प्रोरेस ४२२ एचक्यू ताशी साधारण ३३० जीबी. जुनी कामं ठेवायला हार्ड डिस्क लागेलच, ती घेताना सीएमआर आहे ना ते विचारा. एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणारी) डिस्क मोठ्या कॉपीत दमते.

एसएमपीएस, अर्थिंग, उन्हाळा

परदेशी व्हिडिओ बघून पीसी जमवणाऱ्यांचं इथे चुकतं. ५०७० चे २५० वॅट, २६५के पूर्ण ताकदीवर २५०, बाकी बोर्ड-पंखे-डिस्कचे ७५ धरले तर ५७५. याला ७५० वॅटचा, ८० प्लस गोल्ड (कार्यक्षमतेचा दर्जा), एटीएक्स ३.१ एसएमपीएस घ्यावा. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला तर वापरूच नका. मॉड्युलर एसएमपीएसच्या केबल दुसऱ्या मॉडेलला लावू नयेत. टोक बसतं, पण आतली जोडणी वेगळी असते, आणि डिस्क क्षणात जळते. कार्डाची १६ पिनची केबल पूर्ण आत ढकलायची, फट दिसता कामा नये, आणि कनेक्टरपासून साधारण साडेतीन सेंटिमीटरपर्यंत वाकवायची नाही. अर्धवट बसलेला कनेक्टर तापून वितळतो.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर पीसी नाही, घराचं अर्थिंग बिघडलंय. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी ते नीट करा. यूपीएसबद्दल गैरसमज मोठा आहे: ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हेत, बहुधा ३६०. एक्सपोर्ट चालू असताना लाइट गेली की असा यूपीएस लोड पाहूनच बंद पडतो. पीसी आणि मॉनिटर मिळून ५०० वॅटच्या घरात जात असतील तर ११०० व्हीए, म्हणजे साधारण ६६० वॅट, आणि जमलं तर साइन वेव्ह. त्याचं काम तासभर चालवायचं नाही, प्रोजेक्ट सेव्ह करून बंद करण्याइतका वेळ द्यायचं.

कूलरच्या चाचण्या बहुतेक २०-२२ अंशांच्या खोलीत होतात. मे महिन्यात नागपूर-अकोल्याला एसीशिवाय खोली ४० ला असते, आणि प्रोसेसरचं तापमान जवळपास तेवढ्याच फरकाने वर चढतं. त्यामुळे जाळीदार पुढची बाजू, समोर दोन पंखे आणि मागे एक हवाच. ९७००एक्सला चांगला सिंगल टॉवर पुरतो, २६५केला दोन टॉवरचा घ्या. कूलरची उंची, कार्डाची लांबी आणि कॅबिनेटची मर्यादा मिलिमीटरमध्ये जुळवून बघा. १६० मिमीचा कूलर १५५ मिमीच्या कॅबिनेटमध्ये बसत नाही.

कोटेशन आणि पहिली सुरुवात

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा गावातल्या दुकानात, कोटेशनच्या प्रत्येक ओळीत पूर्ण मॉडेल नंबर हवा. "३२ जीबी डीडीआर५, १ टीबी एनव्हीएमई, ७५० वॅट गोल्ड" या ओळीत तिन्ही ठिकाणी स्वस्त माल बसवायची मोकळीक आहे. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर कार्ड, बोर्ड आणि एसएमपीएसचे सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि बॉक्सवर भारतातल्या आयातदाराचं नाव आहे का ते बघा. ग्रे मार्केटचं कार्ड दोन-तीन हजारांनी स्वस्त पडतं आणि वॉरंटीच्या वेळी तुमचं कोणी ऐकत नाही.

जोडणीत कूलरच्या तळाची प्लास्टिक पट्टी काढायची आणि रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायची. एएम५ पहिल्यांदा सुरू होताना रॅमशी जुळवून घेत बसतो. स्क्रीन काही मिनिटं काळा राहतो. घाबरून बटण दाबत बसू नका. मग बायोसमध्ये रायझनवर एक्स्पो, इंटेलवर एक्सएमपी (रॅमचा छापील वेग लावणारी सेटिंग) सुरू करा, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वर चालत राहते. मॉनिटरची केबल बोर्डाला नाही, कार्डाला. १८० हर्ट्झचा मॉनिटर घेतला तरी विंडोज बऱ्याचदा ६० वर ठेवतं, डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन बदलावं लागतं. इंटेलचं अंतर्गत ग्राफिक्स मात्र बायोसमध्ये चालूच ठेवा, कार्ड लावल्यावर काही बोर्ड ते आपोआप बंद करतात आणि ज्यासाठी ती चिप घेतली ते क्विक सिंकच गायब होतं.

शेवटी रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) चालवा, एकही चूक दिसली तरी पट्टी बदलून मागा. दुसऱ्या दिवशी स्वतःचंच अर्ध्या तासाचं फुटेज एक्सपोर्टला लावा आणि टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली जीपीयू उघडा. टाइमलाइन चालू असताना तिथला "व्हिडिओ डिकोड" चा आलेख हलत नसेल, तर प्रीमियरच्या मीडिया प्रेफरन्सेसमध्ये हार्डवेअर डिकोडिंगची खूण बंद आहे का ते आधी बघा. दुकानाची बदलून द्यायची मुदत बहुधा थोड्याच दिवसांची असते, ही सगळी तपासणी त्याच्या आत उरकायची.