ग्रेडिंगच्या टेबलावर कोणाला बसवायचं

वेंगुर्ल्याला काजूच्या कारखान्यात चौदा वर्षं सोलणी आणि ग्रेडिंग बघतेय. नवी सुपरवायझर आली की विचारते, या कंटाळवाण्या कामात बायकांचं लक्ष टिकवायचं कसं? मी म्हणते, आठवडाभर काही करू नको, कोण कशी कंटाळते तेवढं बघ.

कोणी कंटाळली की बडबडते. कोणी गप्प होते; हात चालू, मन घरच्या चुलीपाशी. कोणी दहादा पाणी प्यायला उठते. तिला ट्रे न्यायला, डबे भरायला द्या. (मी त्यातलीच.)

बडबडणारीला सोलणीवर बसवा. बोरम्यातून, म्हणजे गर सुकवायच्या भट्टीतून, सुकून आलेल्या गराचं लालसर सालपट चाकूच्या टोकानं काढायचं. सवयीच्या हाताला त्यात डोकं लागत नाही. सुरुवातीला मी बोलणंच बंद केलं होतं. चार दिवसांत तुकडा, म्हणजे फुटलेला गर, वाढला. एक मावशी म्हणाली, "बाय, तोंड बंद केला की माका झोप येता." बंदी तिथेच संपली.

ग्रेडिंगला मात्र गप्प, चिकित्सक बाई हवी. गराच्या आकारावरून प्रत ठरते: डब्ल्यू २४० म्हणजे पौंडाला, ४५४ ग्रॅमला, २२० ते २४० गर. ३२० म्हणजे ३०० ते ३२०. दोन्ही गर शेजारी ठेवले तरी फरक पटकन कळत नाही. पण या बाईलाही सलग बसवू नका. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञानं १९४८ मध्ये रडारवर नजर ठेवण्याच्या कामाचा अभ्यास म्हणून माणसांना दोन तास घड्याळासारख्या काट्याकडे बघायला लावलं. काटा मधूनच दुप्पट उडी मारायचा, ती पकडायची. अर्ध्या तासातच उड्या निसटू लागल्या. आमच्याकडेही तेच. म्हणून अर्ध्या तासानं तिला उठवून तिच्याच ढिगातले ४५४ ग्रॅम मोजून गर गणायला लावते. पाय मोकळे होतात, चूक असली तर तिची तिलाच सापडते.

एकच गर तीनदा उलटून बघणारी असेल तर तिला किलोच्या हिशेबावर घेऊ नका, रडकुंडीला येईल. शेवटची तपासणी तिच्याकडे द्या.

आणि फळ्यावर सगळ्यांचे किलो लिहायची हौस आवरा. ईर्ष्येनं काम करणारी एखादी खूश होते, बाकीच्या घाईत पाकळी पाडतात, म्हणजे अख्ख्या गराचे दोन भाग करतात. त्या ईर्ष्यावालीला तिचा कालचा आकडा कानात सांगा.